खांबेट्यांची पहिली रायफल

टेक्सासमधल्या फ्रिस्को गावच्या मराठी मंडळींचा एक अनुभवसिद्ध नियम होता. कुठलीही वस्तू घ्यायची असली की आधी गुरुनाथ खांबेट्यांना विचारायचं आणि मग ते सांगतील त्याच्या बरोबर उलट करायचं. (गुरुनाथरावांना या नियमाचा फक्त पहिला अर्धा भाग माहीत होता.) त्यामुळे २००७ च्या सप्टेंबरात, कॉलेजातून शनिवार-रविवारपुरती घरी आलेल्या त्यांच्या मुलीने, स्वानंदीने, आमटीभात कालवता कालवता "मला हरणाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायचीय" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता कोणीतरी सल्ला मागणार होतं.

सुहासिनीबाईंच्या हातातली तुपाची वाटी मात्र हवेतच राहिली. "शिकार? अगं, आपल्याकडे अंडं उकडायचं पातेलंसुद्धा वेगळं ठेवतात!"

"आई, केलीच्या आजोबांचं रँच आहे. देअर आर टू मेनी डिअर. ते लोक मीट फ्रीझरमध्ये भरतात, वर्षभर खातात. मी सेफ्टी कोर्स केलाय, पास झालेय. अँड आय नो व्हॉट आय वॉन्ट. हलकी, लहान कॅलिबरची, म्हणजे बारीक गोळीची, मला खांद्याला बसेल अशी. नेक्स्ट वीकेंडला मी शॉपमध्ये जाऊन ट्राय करणार आहे."

"ही केली कोण?" गुरुनाथरावांनी विचारलं.

"माझी रूममेट, बाबा. तुम्ही भेटलायत तिला."

"तिचे वडील काय करतात?"

"रँचर आहेत."

"म्हणजे शेतकरी. मी इंजिनिअर आहे," असं म्हणून गुरुनाथरावांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. चर्चा संपली होती.

आता गुरुनाथरावांचा आणि बंदुकीचा संबंध काय, असं कोणी विचारील. होता. पुण्यात कॉलेजात असताना ते एन.सी.सी.त होते. एका कँपमध्ये त्यांनी पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्यातल्या चार शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर लागल्या आणि तो बिचारा कंपनीत पहिला आला. उरलेला कँप गुरुनाथरावांनी बटाटे सोलण्यात घालवला. पण पस्तीस वर्षं आणि सात समुद्र मध्ये आल्यावर बटाटे गळून पडले आणि नुसती रायफल शिल्लक राहिली. शिवाय टेक्सासमध्ये त्यांच्या वयाच्या माणसांना तो सेफ्टी कोर्स माफ होता. सरकारने आपला अनुभव ओळखला, असाच त्यांनी त्याचा अर्थ लावला.

खरेदीच्या बाबतीत त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं: वस्तू वाढत्या मापाची घ्यावी. त्यांच्या आईने त्यांना तसे शर्ट घेतले, तशा चपला घेतल्या. दहावीची परीक्षा त्यांनी बाह्या चार वेळा दुमडून दिली. तेच त्यांनी स्वानंदीला केलं. पाय टेकत नाही अशी सायकल घेतली, सातव्या वर्षी मोठ्या माणसाचं व्हायोलिन घेतलं. पोरगी वाढते, वस्तू वाढत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. पोरगी आता एकोणीस वर्षांची आहे, वाढायची थांबून तीन वर्षं झालीत, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

पुढच्या वीकेंडपर्यंत थांबतील तर ते खांबेटे कसले! बुधवारीच ते सुहासिनीबाईंना घेऊन दुकानात हजर झाले. मुलीला माप द्यायला न्यायची गरज नव्हती, कारण माप त्यांच्या डोळ्यात होतं.

"हरणासाठी रायफल पाहिजे, मुलीसाठी, पहिलीच," त्यांनी विक्रेत्याला सांगितलं. त्याने एक नाजूकशी रायफल काढून काउंटरवर ठेवली.

"यापेक्षा मोठी?"

त्याने मोठी काढली.

"याहून मोठी?"

"सर, याहून मोठी म्हणजे मॅग्नम. ती अस्वलाला, घोड्याएवढ्या मूस हरणाला वापरतात. टेक्सासमध्ये मूस नाहीत."

"आज नाहीत," गुरुनाथराव म्हणाले. "उद्या तिला अलास्कात नोकरी लागली तर?"

"अहो, ती मरीन बायॉलॉजी करतेय," सुहासिनीबाई हळूच म्हणाल्या.

"मग देवमाशाला होईल!"

मुलीच्या हाताची लांबी किती, असं विक्रेत्याने विचारलं. गुरुनाथरावांनी स्वतःचा हात पुढे केला, थोडा विचार केला आणि सुहासिनीबाईंचाही हात धरून त्याला जोडून दाखवला. विक्रेत्याने दोनदा "आर यू शुअर, सर?" असं विचारलं. गुरुनाथरावांना वाटलं, गोऱ्या माणसाला आपला अधिकार सहन होत नाहीये. त्यांनी मॅग्नम घेतली, तिच्यावर भलीमोठी दुर्बीण बसवून घेतली आणि दोन्ही हातांनी उचलून ती आडवी गाडीत ठेवली. सुहासिनीबाईंना घरापर्यंत मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसावं लागलं.

रात्री त्यांनी स्वानंदीला फोन करून "दुकानात जाऊ नकोस, मी आणलीय, घरी आलीस की बघ" असं सांगितलं आणि फोन ठेवून दिला. ही गोष्ट इथेच संपली असती तरी पुरे होतं. पण मध्ये दसरा आला, रविवारचाच. दर वर्षी खांबेट्यांकडे शस्त्रपूजेला स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि एक जुना लॅपटॉप मांडत. यंदा खरं शस्त्र होतं! पाटावर रायफल, तिला झेंडूची माळ, नळीला हळदकुंकू, दुर्बिणीच्या काचेवर गंधाचं बोट. गुरुनाथरावांनी आपल्याच चालीत मंत्र म्हणत मुठी भरभरून अक्षता उधळल्या. चाळीस माणसं दर्शनाला येऊन गेली. नागपूरचा यतीन, एका बँकेत प्रोग्रॅमर असलेला सरळ मुलगा, पाटापाशी हात जोडून उभा राहिला आणि न राहवून म्हणाला, "काका, याने तर हत्ती पडेल हो."

"पडू दे की," गुरुनाथराव म्हणाले.

"पण स्वानंदीला उचलेल का?"

"यतीन, तू कधी एन.सी.सी.त होतास?" यतीन नव्हता. तो श्रीखंडाकडे गेला.

स्वानंदीने तिची भेट पाटावरच पहिल्यांदा पाहिली. तिचा चेहरा एवढासा झाला आणि एवढं मोठं शस्त्र पाहून पोरगी भारावली, असं गुरुनाथरावांनी सगळ्यांना सांगितलं.

शिकारीचा हंगाम आठवड्यावर आला होता. शनिवारी सकाळी तिघं नेमबाजीच्या रेंजवर गेले. तिथल्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे रायफल तपासायला घेतली आणि बोटाला लागलेला लाल रंग पाहून तो थबकला.

"सर, हे रक्त आहे?"

"नाही नाही, ब्लेसिंग आहे."

"आणि हा पिवळा?"

"तोही ब्लेसिंगच."

मग त्याने नळी खाली केली. आतून तांदळाचे दाणे टपटप बाकावर पडले. त्याने एक दाणा चिमटीत उचलून उजेडात धरला.

"सर, नळीत असं काही अडकलेलं असताना गोळी झाडली ना, तर रायफल तोंडावर फुटू शकते. हे काय आहे?"

"राइस," गुरुनाथराव म्हणाले. सुहासिनीबाई पार्किंगकडे पाहू लागल्या.

नळी साफ झाली, गंध पुसलं गेलं. स्वानंदीने रायफल खांद्याला लावून पाहिली. दस्ता खांद्यावर ठेवला की हात चापापर्यंत पोचेना, आणि हात पोचला की दस्ता काखेत जाई. "इट डझन्ट फिट, बाबा," ती म्हणाली.

"सवय होईल. सरक, आधी मी मारून दाखवतो," असं म्हणून गुरुनाथरावांनी बाकासमोरच्या खुर्चीत बैठक मारली. अधिकारी "डोळा दुर्बिणीपासून लांब ठेवा" असं सांगत होता. पण सल्ला द्यायची सवय असलेल्या माणसाला ऐकायची सवय नसते. त्यांनी डोळा काचेला जवळजवळ चिकटवला आणि चाप ओढला.

असा धक्का त्यांना लग्नानंतर बसला नव्हता. रायफल मागे आली, दुर्बिणीची कड भुवईवर आदळली आणि गुरुनाथराव खुर्चीसकट उताणे झाले. टार्गेटला काहीही झालं नाही. भुवईवर मात्र दुर्बिणीच्या मापाची सुबक चंद्रकोर उमटली आणि तिला चार टाके पडले.

परत येताना गाडी स्वानंदी चालवत होती. एरवी घरात दर वाक्याला इंग्रजी फेकणारी ही मुलगी त्या दिवशी सिग्नलला थांबून सरळ मराठीत बोलली.

"बाबा, मी व्हायोलिन सोडलं ना, ते मला आवडत नव्हतं म्हणून नाही. माझा हात पोचायचा नाही. रोज मान दुखायची. टीचर म्हणायच्या लहान आणा, तुम्ही म्हणायचात पुढच्या वर्षी येईल हात. तोवर मला त्याचा राग यायला लागला होता. मला एकदा तरी माझ्या मापाची गोष्ट हवीय. आणि ती मी निवडणार."

गुरुनाथरावांनी उत्तर देण्यासाठी नेहमीप्रमाणे भुवई उंचावली आणि कळवळून खाली घेतली. भुवई उंचावता आली नाही की त्यांना मुद्दाही सुचत नसे. शिवाय पोरीचे डोळे भरलेले त्यांना आरशात दिसले होते, आणि ते त्यांना टाक्यांहून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा त्याच दुकानात गेले. विक्रेत्याने मॅग्नम परत घेतली, कपाळाची पट्टी पाहिली आणि परतीच्या कारणाचा रकाना स्वतःच भरला. स्वानंदीने चार रायफली खांद्याला लावून पाहिल्या. पाचवी लावल्यावर ती हसली. हलकी, साधी, लहान कॅलिबरची. "धिस वन," ती म्हणाली. गुरुनाथरावांनी तोंड उघडलं, सुहासिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी ते मिटलं.

"पण मी पोरीला परक्या रानात एकटी सोडणार नाही," ते थोड्या वेळाने म्हणाले. "मीही जाणार. मलाही एक लागेल."

विक्रेत्याने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नजरेने मोजलं. एक झाली, दोन झाल्या. एकीचा दस्ता लांब पडला, दुसरीच्या नुसत्या वजनाने कपाळाची पट्टी घामाने ओली झाली. शेवटी तो काउंटरच्या टोकाला गेला आणि तिथली एक आखूड, सुटसुटीत रायफल घेऊन आला. गुरुनाथरावांनी ती खांद्याला लावली. हात चापावर, गाल दस्त्यावर, डोळा दुर्बिणीपासून बरोबर अंतरावर. अगदी अंगाबरोबर शिवल्यासारखी. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादी वस्तू दुमडावी लागली नाही.

"वा! हीच. व्यावसायिक लोकांची दिसतेय," ते म्हणाले.

"यूथ मॉडेल आहे, सर. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी," विक्रेता पॅक करता करता म्हणाला. मग या मॉडेलच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणून दाखवायचं पाठ वाक्य त्याने सवयीने म्हटलं. "आणि रानात जाताना बरोबर कोणीतरी जबाबदार मोठं माणूस असायला हवं."

"येस सर," स्वानंदी सेफ्टी कोर्सच्या सर्टिफिकेटचं कार्ड काउंटरवर ठेवत म्हणाली, "मी आहे ना त्यांच्याबरोबर."