दादारावमामांची मांड

सकाळी आमचे दादारावमामा घोडीवर चढत असतात, तेव्हा त्यांच्या घरात कुणी फोडणी देत नाही.

तसा नियमच आहे. मिक्सर बंद, टीव्ही बंद, बोलणं बंद. मोहरी तडतडली की शेवंती बिचकते, असं मामांचं म्हणणं. शेवंती म्हणजे त्यांची पांढरी घोडी. ती मोहरीला खरोखर बिचकते का, हे कुणी पाहिलेलं नाही, कारण तो प्रयोग करायची छाती त्या घरात कुणाची नाही. त्यांची सून वैशाली कढईपाशी चिमटीत मोहरी धरून थांबते. मुलगा श्रीकांत तोंडात ब्रश तसाच ठेवून दारात येतो. आणि अंगणात सत्तरी ओलांडलेले, अंगानं भरभक्कम, एक गुडघा पार कामातून गेलेले मामा डाव्या हातात लगाम आणि आयाळ एकत्र धरतात, डावा पाय रिकिबीत अडकवतात आणि जमिनीवर उरलेल्या दुखऱ्या पायानं उड्या मारू लागतात.

घोडी जरा पुढे सरकते. मामाही एका पायावर तिच्या मागे सरकतात. कधी विहिरीपर्यंत, कधी थेट फाटकापर्यंत ही यात्रा जाते. मग "हुप्प" असा आवाज होतो, आणि मामा उचलले जातात. वर गेलेले असतात, पण पोहोचलेले नसतात. पोट खोगिरावर, डोकं पलीकडे, पाय अलीकडे. हा क्षण फार वाईट असतो. श्रीकांतच्या तोंडातला फेस हनुवटीवर ओघळतो. घोडीनं आत्ता एक पाऊल टाकलं तर काय, हा एकच विचार सगळ्यांच्या मनात असतो. मग कसाबसा तो पाय पलीकडे जातो, मामा सरळ होतात, टोपी नीट करतात आणि मोठ्यानं सांगतात, "लाव आता फोडनी!"

पातूरकडच्या त्या गावात आता प्रत्येक घरी दोन-दोन मोटारसायकली आहेत. मामा मात्र शेतात जातात ते घोडीवरच. मी अमरावतीला शाळेत शिकवते, सुट्ट्यांमध्ये मामांकडे जाते. हे दृश्य मी लहानपणापासून बघते आहे. तेव्हा मामा सडपातळ होते आणि घोडीवर असे बसत की बघणाऱ्याला वाटावं, ते मुळी खाली नव्हतेच.

माणूस ओळखायची त्यांची एकच रीत. "चढनं पाह्यलं का मानूस समजते," ते म्हणायचे. पत्रिका, पगार, घराणं त्यांच्या लेखी शून्य. त्यासाठी ते बिनबोलावता लग्नांना जायचे, जेवायचे नाहीत, नवरदेव घोडीवर चढला की परत यायचे. परत आल्यावर ओट्यावर बसून निकाल द्यायचे. साळ्यांनी मिळून वर ढकललेल्या नवरदेवाला ते 'गाठ' म्हणायचे, म्हणजे जिनिंगमध्ये ट्रकवर चढवतात ती कापसाची गाठ. "ह्याले जलमभर चार जन लागतीन." प्लास्टिकच्या खुर्चीवरून चढणाऱ्याचा तर त्यांना मनस्वी राग. एकदा पातूरला खुर्चीचा पाय चिखलात रुतला आणि नवरदेव घोडीच्या गळ्यात हात टाकून लटकला, बँडवाले मात्र डोळे मिटून वाजवतच राहिले. ती हकीकत सांगताना मामांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नसे. अचलपूरचा एक पहिलवान पाव्हणा होता. त्यानं लांबून धावत येऊन अशी काही उडी घेतली की घोडीला न शिवता पलीकडच्या उकिरड्यात उतरला. "जोर होता," मामा म्हणाले, "पन मुक्काम ठाऊक नोता."

एकदा सगळे मिळून चिखलदऱ्याला गेलो. तिथे एक गृहस्थ दगडावर उभे राहून उजवीकडून घोड्यावर चढत होते. मामा धावलेच. "सायेब, आंधी त्याच्या मानेवर हात ठेवा! त्याले कळू तं द्या कोन येऊन राहिलं!" साहेब चिडले, घोडेवाला चिडला, गर्दी जमली. मामींनी त्यांना सदऱ्याला धरून ओढत आणलं. "तुमी फिराले आले का पंचायत कराले?"

मामी कमी बोलायच्या. सकाळचा तो चढण्याचा सोहळा चालू असताना त्या गोठ्यात शेण काढत असायच्या. मान वर करून कधी पाहायच्या नाहीत.

माझ्या लग्नाच्या दिवशी मात्र मामांनी आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. लग्न अमरावतीला होतं. मी मुंडावळ्या बांधून बसलेली, आणि कुणीतरी सांगत आलं, "मामाजी जानोशावर गेले. नवरदेवाचं चढणं पाहाले." आईच्या हातातलं तबक खाली आलं. माझ्या आईला आपला भाऊ पुरता ठाऊक होता. वरात निघायची वेळ टळली. बँड ऐकू येईना. फोनवर कळलं की मामांनी घोडीजवळ ठेवलेली खुर्ची लाथेनं उडवली, आणि नवऱ्याकडचे काका बाह्या सरसावून उभे आहेत. "आमची वरात अडवता काय?" "वरात कोन अडवते? चढू द्या पोराले!"

माझा नवरा प्रकाश त्याआधी आयुष्यात घोड्याच्या जवळ गेला नव्हता. त्यात फेटा, शेरवानी, तलवार. चारशे डोळे त्याच्याकडे. पहिल्यांदा त्याचा पाय घसरला आणि शेरवानी उसवली. काका म्हणाले, पुरे झालं, गाडी काढा. इकडे मी खोलीत बसून मनातल्या मनात माझं लग्न मोडलेलं पाहत होते.

बऱ्याच वेळानं बँड वाजला. वरातीच्या पुढे मामा नाचत आले. सरळ माझ्याकडे आले, घामानं निथळत. "संगे, पोरगं चांगलं हाय! भेलं होतं. पन चढाच्या आंधी घोडीच्या मानेवर हात ठेवला त्यानं. तुले सांभाळीन." आईनं त्यांना रागानं पाणीसुद्धा विचारलं नाही. पण मामांचा निकाल खरा ठरला, हे मला कबूल केलं पाहिजे.

दोन वर्षांमागे मामी गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. तेराव्यानंतर मामा पुन्हा घोडीवर दिसू लागले, फक्त आता जास्त वेळ. सकाळी गेले की दिवस बुडताना परत. डॉक्टरांनी घोडी बंद करायला सांगितली, तर मामांनी डॉक्टर बंद केले. श्रीकांतनं अंगणात चढायला सोपं पडावं म्हणून सिमेंटची चांगली तीन पायऱ्यांची ओटली बांधली. मामांनी दुसऱ्या दिवशी तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या. "चांगली सोय केली रे," एवढंच म्हणाले. वैशालीशी त्यांचं बोलणं तर चहा, पाणी आणि फोडणी एवढ्यावरच होतं. ती अकोल्याची, शिकलेली. ती त्यांना घाबरायची, आणि मला वाटतं तेही तिला.

यंदा दिवाळीनंतर मी गेले होते तेव्हाची गोष्ट. दिवस कलला तरी मामा आले नाहीत. त्या महिन्यात शिवारात बिबट्या फिरत होता, आठवड्यापूर्वीच कुणाचं तरी वासरू नेलं होतं. श्रीकांतनं फोन लावला. घंटी वाजत होती, मामा उचलत नव्हते. पुन्हा लावला. पुन्हा तेच. श्रीकांतचा चेहरा उतरला. तो गावातल्या दोघांना घेऊन नाल्याकडे निघाला. मी वैशालीच्या स्कूटीवर मागे बसले आणि आम्ही शेताकडे सुटलो. पांदणीच्या टोकाला वैशालीनं स्कूटी बंद केली. "इंजिनानं घोडी बिचकेल, ताई," ती कुजबुजली. मी तुरीतून पायी पुढे गेले. तूर डोक्याच्या वर गेलेली, चार हातांपलीकडलं दिसत नव्हतं. आपलाच पाय वाजला तरी मी थबकत होते.

तुरीच्या पलीकडे शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शेवंती चरत होती. पाठीवर मामा. ताठ, टोपी सरळ, दोन्ही मुठींत आयाळ. पुतळ्यासारखे.

"मामाजी!"

"वरडू नको," ते ओठ न हलवता म्हणाले. "हळू बोल."

"काय झालं?"

"काई नाई. तूर पाहून राहिलो."

"हा हरभरा आहे, मामाजी. आणि शेजाऱ्याचा."

"तेच तं पाहून राहिलो."

मग मला दिसलं. लगाम त्यांच्या हातात नव्हताच. तो घोडीच्या मानेवरून पुढे घसरून तिच्या तोंडापासून जमिनीवर लोंबत होता, आणि त्याचा फास तिच्या पुढच्या पायांशी लोळत होता. एक पाऊल त्यात पडलं असतं, तर घोडी तोंडघशी आणि मामा तिच्याखाली.

मी एकेक पाय टाकत निघाले. "समोरून ये," मामा पुटपुटले. "तिले दिसशीन अशी ये." मी हात पुढे केला. आणि त्याच वेळी तुरीतून धाडकन एक रोही, म्हणजे नीलगाय, उसळलं आणि आमच्या अंगावरून गेल्यासारखं पलीकडे पळालं. शेवंतीनं मान झटकली, मागचे पाय फिरवले. मामा एका अंगाला कलंडले, टोपी उडाली. माझ्या हातात लगाम कसा आला, ते आजही मला सांगता येत नाही. मी दोन्ही हातांनी तो धरून लटकले होते, आणि मामा वरून घोडीला म्हणत होते, "हो माय, हो. काई नाई. काई नाई."

ती थांबली.

"उतरा आता," मी म्हटलं.

मामा हरभऱ्याकडेच बघत राहिले.

"मामाजी, उतरा ना."

"उतरता आलं असतं तं दुपारपासून हरभरा पाह्यला असता का?"

आधी मला हसू आलं. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि ते विरलं.

"चढतानी जोर लावला का भागते," ते समोर बघत म्हणाले. "उतरतानी सारं वजन गुडघ्यावर येते. मंग खाली कोनी लागते. तुई मामी यायची दुपारी डबा घेऊन. लोकाईले वाटे, बाई नवऱ्याले गरम खाऊ घालते. तिच्या खांद्यावर हात ठेवून उतरो मी. कोनाले सांगतलं नाई तिनं. श्रीकांतलेबी नाई."

"आणि आता?"

"आता वरच जेवतो. आज भाकर सोडता सोडता लगाम सुटला हातचा."

"घरी कसे उतरता?"

"गोठ्यामांगं कडब्याची गंजी हाय. तिच्यावर लोळतो."

"फोन तरी उचलायचा!"

"उचलून काय सांगू? मले उतरवाले या म्हनून?"

मी घोडीला सरळ उभं केलं आणि लगाम मनगटाला गुंडाळून तिच्या डाव्या अंगाला उभी राहिले. मामांचा हात माझ्या खांद्यावर आला. मग हळूहळू सगळे मामाच आले. माझे गुडघे वाकले, पण मी पडले नाही. जमिनीवर पाय टेकल्यावर ते खोगीर धरून तसेच उभे राहिले, कपाळ घोडीच्या पाठीला लावून. दिवसभर आपलं ओझं वाहिलेल्या त्या पाठीवरून ते हात फिरवत होते.

"घरी सांगू नको," ते म्हणाले. "सुनेले तं बिलकूल नाई."

मी मागे पाहिलं. आवाज ऐकून वैशाली बांधापर्यंत धावत आली असावी. तिनं सगळं पाहिलं होतं. आता ती आमच्याकडे पाठ करून चपलेत अडकलेला काटा काढत होती, आणि तो काटा काही केल्या निघत नव्हता.

दोन दिवसांनी मी अमरावतीला परत आले. त्याच आठवड्यात दुपारी वैशालीचा फोन आला.

"ताई, आज मी डबा घेऊन शेतात गेली होती."

"मग?"

"बाबाजी म्हणाले, ठेव बांधावर अन् जाय. मी म्हटलं, रिकामा डबा घेऊनच जाईन. ते वर, मी खाली. ऊन असं होतं ना ताई! मी म्हटलं, झालं, आता हे संध्याकाळपर्यंत असंच. मग म्हणाले, घोडी आज बिचकून राहिली, जराशी धरशीन का?"

"बिचकत होती?"

"झोपली होती. मी धरली."

"उतरले?"

"उतरले. जड आहेत हो बाबाजी. खाली बसले, डबा उघडला, अन् मले विचारलं, तू जेवली का? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा विचारलं, ताई."

"मग काय म्हणालीस?"

"मी तर घरून पोटभर जेवून निघाली होती," वैशाली म्हणाली. "पण म्हटलं, नाही जेवली."