उभ्या घराचा पुनर्वापर

जगात कोणतीही वस्तू आपणहून वाया जात नाही. त्यासाठी समिती नेमावी लागते. (हे वाक्य मी कुठेतरी वाचले असावे. माझे असण्याइतके ते धीट आहे असे वाटत नाही.)

आमच्या शहरात नियम झाला, की प्रत्येक नव्या इमारतीत निम्मा माल जुना हवा. नियम थोरच. पण बांधायच्या इमारती वाढल्या आणि पाडायची घरे पुरेनात. त्यातही पडकी घरे कुचकामी. त्यांच्या विटांचा हातातच भुगा होतो. तेव्हा समितीने निष्कर्ष काढला, की उत्तम जुना माल धडधाकट घरातच सापडतो.

असे एक घर निघाले, त्यात माझी थोरली बहीण भाड्याने राहत होती. ताईला दिसत नाही. पण त्या घरात ती भिंतीला हात लावत एकटी वावरायची, स्वयंपाकसुद्धा करायची. मालकाने होकार देऊन टाकला होता.

समितीचे साहेब आले. भिंतीवर टिचक्या मारून प्रसन्न झाले.

"आजी, याच विटांची इमारत होणार. केवढा पुनर्वापर!"

"अरे, पण मी वापरतेच आहे की त्या."

"तो पहिला वापर. पुन्हा वापरायचं तर पहिला संपायला नको?"

"मग मी संपेपर्यंत थांब. फार नाही लागायचं."

साहेब मनमोकळे हसले. मोजमाप चालूच राहिले.

ताई माझ्याकडे वळली. "एवढी पुस्तकं वाचलीस, बोल की काहीतरी!"

मी म्हणालो, "साहेब, चहा घेणार?"

पाडकाम उत्तम झाले. विटा सिमेंटने घट्ट धरलेल्या असल्यामुळे शंभरातल्या ऐंशी फुटल्या, त्या खड्डे भरायला गेल्या. तूट भरून काढायला कारखान्यातून नव्या विटा आणल्या आणि हातोडीने त्यांचे कोपरे उडवून त्यांना वय देण्यात आले. (या कामावर दोन माणसे कायमची लागली. रोजगारही वाढला.)

ताई आता माझ्याकडे असते. चौकटीवर दोनदा आपटल्यापासून खुर्चीतून उठत नाही. "तुझ्या भिंती कुठे ठेवल्यास रे?" म्हणते. समितीच्या भाषेत तिला विनावापर पडून असलेला माल म्हणता येईल; पण तिच्यासाठी नियम नाही.

फ्लॅट मात्र हातोहात खपले. प्रत्येक दिवाणखान्यात एक भिंत बिनगिलाव्याची ठेवली आहे. तुम्हीही बघायला आला होतात. सहकुटुंब तिच्यापुढे उभे राहून फोटो काढलात, 'जुन्या घराची ऊब काही औरच' म्हणालात आणि लगेच नोंदणी केलीत. त्या भिंतीतली प्रत्येक वीट कारखान्यातली आहे. ताईच्या वाचलेल्या विटा आधी तिथेच लावल्या होत्या. पण त्या पुरेशा जुन्या दिसत नाहीत, अशी पहिल्या भेटीतली तक्रार तुमचीच होती.