दाऊदची जंप

माणसं भेटली की कोणी राम राम करतं, कोणी सलाम करतं. आमचा शेजारी दाऊद "जंप!" म्हणतो.

सकाळी माझ्या पडवीसमोर उभा राहून ओरडतो, "शिवराम, जंप!" म्हणजे ऊठ, चहा ठेव. ही गेल्यापासून चहा मीच करतो आणि तो वाईट होतो. दाऊद पितो, आणि तसं तोंडावर सांगतोही.

मी चौथीत शाळा सोडली. इंग्रजीतला एकच शब्द मला पुरता येतो, तो ह्या माणसामुळे. दाऊदने सगळी उमर बोटीवर काढली, नि एवढ्या बंदरांत त्याला म्हणे हा एकच शब्द पुरला. सुरमईचा भाव चढला, जंप. रेशनच्या रांगेत कोणी मध्ये घुसला, जंप. रिक्षाची बॅटरी बसली आणि दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून चालू केली, ती पण जंप. बोटीवरचा खलाशी परक्या बंदरात उतरून पळाला, तर त्याने जंप मारली. एकदा अंगावर मांजर पडलं नि मी दचकलो.

"ही पण जंपच," दाऊद म्हणाला.

"गाढवा, मी बसलेला होतो."

"भीतीची बसूनच होते."

त्याचं पुरतं न ऐकता मी मध्ये बोललो की बोट नाचवतो, "बघ, निकालावर जंप मारलीस!"

पण दुसऱ्या कोणी हा शब्द कसाही वापरलेला त्याला खपत नाही. शेजारची पोरगी लंगडी घालत "मामू, माझी जंप बघा" म्हणाली, तर हा तापला. "ती हॉप. दोरीवरची ती स्किप. दोन्ही पाय एकदम सुटले तर जंप!" आणि लुंगी खोचून भर उन्हात करून दाखवली. गुडघा सुजला तो सुजलाच.

त्याची खरी जंप जुम्म्याची. नमाज झाली की खाडीपलीकडे आपाकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, होडीने जायचं. ह्यांचा बाप होडीने माणसं पलीकडे सोडायचा. होडी टेकायच्या आधी दोर घेऊन पायरीवर उडी मारायची, हे लहानपणापासून दाऊदचं काम. आपाचं घर धक्क्याला लागूनच. ती ओट्यावर बसलेली असते.

दाऊदचा मुलगा यासीन कुवेतहून सुट्टीवर आला. त्याने बापाचा गुडघा बघितला नि होडी बंद केली. "पूल आहे, रिक्षा आहे. अब्बा, ह्या वयात उड्या?"

म्हणून रिक्षाने गेलो. मीही होतो. आपा हल्ली विसरते. तिने डोईवरची ओढणी सारखी केली, पाहुण्यांच्या पेल्यातून पाणी दिलं नि दाऊदला विचारलं, "आपण कुठून आलात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाऊद चहाला आला, तो "जंप!" न ओरडताच.

मी म्हटलं, "म्हातारी झाली ती. विसरणारच."

"होडीने गेलो की विसरत नाय. पुढल्या जुम्म्याला होडी."

त्या दिवशी यासीन दारात आडवा उभा राहिला. "पडलात तर?"

"पडेन. पोहता येतं मला."

"शिवरामकाका, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

मी सांगितलं, "माझ्याकडे मला ओळखणारं कोणी उरलं नाही. ह्याला अजून एक आहे. सोड वाट."

खाडीला भरती होती. होडीवाला म्हणाला, "मामू, मी नीट टेकवतो, मग उतरा." दाऊद केव्हाच काठावर उभा. मी मागून सदरा धरला.

"सोड. लाट वर नेते तेव्हाच जंप. खाली जाताना मारली की गेलास."

एक लाट सोडली. आणखी एक सोडली. ओट्यावरून आपा बघत होती, रस्त्याने जाणाऱ्या कोणाकडेही बघावं तशी. मग होडी वर उचलली गेली नि दाऊद सुटला. एक पाय पायरीवर, दुसरा पाण्यात. गुडघ्यावरच आपटला.

आपा ताडकन उठली.

"मेल्या दावद्या! मोडून घे पाय! सांगू काय अब्बाला?" काठी टेकत, शिव्या घालत ती पायऱ्या उतरायला लागली.

दाऊद तसाच बसून राहिला. लुंगी भिजलेली, गुडघा दोन्ही हातांनी दाबलेला. मी होडीतून म्हटलं, "अरे, ऊठ आता."

त्याने मागे न बघताच हात हलवून मला गप्प केलं.

"थांब जरा. बोलू दे तिला."