फुलंब्रीतली चीज टोस्टची बैठक

लग्न दोन घराण्यांना जोडतं आणि वितळलेलं चीज पावाच्या दोन कापांना. आच दोन्हीकडे बेताचीच लागते. म्हणून फुलंब्रीच्या नानासाहेबांनी लेक राजनंदिनीच्या बघण्याच्या कार्यक्रमातून कांदेपोहे (मागासलेले) रद्द करून चीज टोस्ट मंजूर केला, हे काळाला धरूनच झालं.

छत्रपती संभाजीनगरहून, सिडकोतून, मुलगा शिवम, त्याची आई मनकर्णाबाई आणि मामा सखाराम आले. पत्रिका जुळली होती, पगार जुळला होता. राजनंदिनीच्या आईनं, द्वारकाबाईंनी, टोस्ट तव्यावर भाजला. दाबायला वर पाण्यानं भरलेला तांब्या. पहिला घास घेऊन मनकर्णाबाई थांबल्या.

"आमच्याकडं मशीनमधी करत्यात," त्या म्हणाल्या. "कडा बंद होत्यात. घरातलं घरातच राहतं."

नानासाहेबांनी नम्रपणे कळवलं की, बाहेर येऊन तव्यावर कुरकुरीत झालेलं चीज हाच टोस्टचा आत्मा होय. तो कोंडून ठेवणाऱ्या घरात लेक द्यावी का, याचा फेरविचार होऊ शकतो. सोयरीक मोडायला आली. तेव्हा सखाराममामांनी होस्टेलातली तिसरी पद्धत मांडली : इस्त्री. (टोस्ट आधी फॉइलमध्ये गुंडाळायचा. काही जण विसरतात. मामा विसरले होते.)

प्रात्यक्षिक ठरलं. मशीन शेजारच्या वहिदाभाभींनी आणून दिलं आणि सोबत चौथी पद्धतही : कढईत, झाकण ठेवून. राजनंदिनीच्या पैठणीवरून नुकतीच फिरलेली इस्त्री गरमच होती. सर्वांनी सर्व प्रकार खाल्ले. निःपक्षपातीपणासाठी काहींनी दोनदा. चीजची एक तार मामांच्या मिशीपासून नानासाहेबांच्या ताटलीपर्यंत गेली, तुटेना, आणि दोघांना एकदम हसू फुटलं. मग सगळी बैठकच हसत सुटली. रुसवा गेला. ठराव झाला : माहेरी तवा, सासरी मशीन, प्रवासात इस्त्री. साखरपुडा पक्का.

पाहुणे गेल्यावर ताटल्या गोळा करता करता राजनंदिनी शांतपणे म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाय."

नानासाहेब ओशाळले. लेकीला जवळ बसवून त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चुकलं पोरी. सांग, तुला कोणता आवडला? तव्यावरचा का मशीनमधला?"

वाचकहो, हसू नका. तवा की मशीन, हे तुमचंही मनातल्या मनात केव्हाच ठरलेलं आहे. शिवम राजनंदिनीला पसंत आहे का, हे तुम्ही तरी कुठं विचारलंत?