अपडेटला गाव विचारणारे चाचा

माझी नोकरी बशीरचाचांमुळे टिकली, हे आधी सांगून टाकते; नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना वेडं म्हणाल. कॉम्प्युटरवर 'नवीन अपडेट आलंय' अशी पाटी दिसली की ते पडद्यालाच विचारतात, "कोनाचा तू? कोन्या गावचा?"

मी वेंगुर्ल्याची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्याच्या बोअरवेलच्या कामामागे बुलढाण्याजवळच्या धाड गावी आले आणि ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात लागले. शेजारी चाचांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मला माउस धरायला त्यांनीच शिकवलं.

एका बाजाराच्या दिवशी चाचा धावतच आले. "माय, अपडेट आननाऱ्या प्रोग्रामलेच भोक हाय! कोनीबी बसन अन् पासवर्डबिगर काहीबी घुसवन."

आमच्याकडे गिऱ्हाईकंही कीबोर्ड बडवतात, आणि आत लोकांची आधार कार्डं, सातबारे. मालकांनी बजावलेलं, "कोनाचे कागद बाहेर गेले, तं तूबी बाहेर." मी घाईघाईनं अपडेटचं बटण दाबायला गेले.

"थांब! फितूर वॉचमनलेच नवा वॉचमन आनाले पाठवतं का कोनी?"

चाचांनी इंटरनेटची वायर उपटली, एसटीनं बुलढाणा गाठलं आणि ओळखीच्या मास्तरांकडून दुरुस्तीची फाइल पेनड्राइव्हवर आणली. पेनड्राइव्ह कशात? जेवणाच्या डब्यात, झाकणाला वर रबर.

फाइल खरी की बनावट, हे तिच्या चौसष्ट आकडे-अक्षरांच्या खुणेवरून कळतं. त्यासाठी बंगळुरूच्या लेकीला, झरीनाला फोन. ती मूळ साइटवरची खूण वाचणार, चाचा इकडे आमच्या फाइलच्या खुणेवर पेन्सिलीनं टिक करणार.

"सात, डी..."

"धाडवाला डी?"

"हां अब्बा."

"खाना खाया?"

"अब्बा, आगे नौ है!"

"नौ रोटी?"

पाऊण तास लागला. पण खूण जुळली, भोक बुजलं, माझी नोकरी राहिली.

आठवड्यानं मी ऐटीत सांगितलं, "चाचा, दोन्ही खुणा कॉम्प्युटरच जुळवतो की, एका क्षणात!"

"मलेबी माहीत हाय," पेन्सिलीला टोक करत ते म्हणाले. "पन मंग पोरीले फोन कोन्या कामासाठी लावू? काम असलं तं लगेच उचलते बिचारी."

झरीनाच्या लग्नानंतर ते एकदाही तिच्या घरी गेलेले नाहीत. दुकान कोन पाहीन, म्हणतात. म्हणून मी सध्या रोज दुपारी त्यांच्याकडे काम शिकतेय. एक दिवस चाचांना बंगळुरूच्या गाडीत बसवीन, आणि ते मनसोक्त राहून येईपर्यंत त्यांचं शटर मी उघडीन.