डुकराचा रुपया

"यंदाचा वर्ल्ड कप अख्खी गल्ली आपल्या घरी रंगीत टीव्हीवर बघणार!" मी मिरजगावच्या चौकात छाती ठोकून सांगितलं. शहाण्णव सालची गोष्ट. टीव्ही अजून दुकानातच होता, पण त्याचा पहिला हप्ता आमच्या देव्हाऱ्यातल्या करंड्यात होता. चांदीचा रुपया, पंचम जॉर्जच्या तोंडाचा, सन १९११!

नगरचे सूर्यभानराव एका लग्नात शेजारी जेवायला बसले होते. जुनी नाणी जमवायचा त्यांना भारी नाद. मी रुपयाचं बोललो, आणि सन ऐकताच त्यांच्या हातातला लाडू पत्रावळीत पडला. "बोलू नका कुठं! रविवारी मी स्वतः येतो, चांगला भाव देतो."

रविवारपर्यंत जिवाला चैन कुठली! माझ्या पिठाच्या गिरणीत एकाची बाजरी दुसऱ्याच्या गव्हात जायला लागली. उठसूट घरी जायचं, करंडा जागेवर आहे ना बघायचं, की परत गिरणीत! शेवटी बायको, पुष्पावती, वैतागली. "त्या करंड्यात हाय तरी काय एवढं?"

गिरणीवाल्याला हळू बोलता येत नाही. मी रुपया काढून ओरडलो, "राजाच्या झग्यावरचा हा हत्ती बघ! सोंड एवढी आखूड काढली, की लोक म्हणाले, हे तर डुक्कर! केवढा गहजब झाला! सरकारनं रुपये माघारी घेऊन वितळवले. आपला वाचला, म्हणून तर त्याला भाव!"

दाराआड आई उभी होती. डुक्कर ऐकलं आणि पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही.

रविवारी सूर्यभानराव पहिल्याच एसटीनं आले. हातात मखमली डबी, खिशात भिंग. मी ऐटीत करंडा उघडला. रिकामा! देव हलवले, तांदूळ उपसले, घंटासुद्धा उलटी करून पाहिली!

"आई! रुपया कुठंय?"

"सोनाराला दिला. लगीन हून आल्यापास्नं लक्ष्मीसंगं डुकराला हळदकुंकू वाहिलं म्या! बरं झालं तू बोललास."

"अगं, हत्ती हाय तो!"

"मग डुक्कर म्हनून कशाला वरडलास? पार शेजारनीनं इचारलं, देव्हाऱ्यात डुक्कर कुठलं म्हनून!"

मी अनवाणीच पळालो. मागं धापा टाकत सूर्यभानराव.

"या, या!" सोनार खूश. "आटवला कालच. वहिनींची जोडवी झाली बघा. तुमच्या मातोश्री म्हनल्या, देवापाशी न्हाई चालत, पायात चालंल."

मी मटकन पायरीवर बसलो. रडूच येत होतं हो! सूर्यभानराव मात्र गालात हसत होते.

"वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडं असले दोन आहेत. जगातला एक कमी झाला, म्हणजे त्यांचा भाव वाढला की! चला, चहा पाजा."

चहा मीच पाजला.

वर्ल्ड कप मी शेजाऱ्याच्या ओट्यावरून, खिडकीतून पाहिला, उभ्यानं. आणि मॅच अगदी रंगात आली, की माझ्या टीव्हीचा पहिला हप्ता फरशीवर टकटक वाजत मला जेवायला बोलवायला यायचा!