साठेकाकांची विचाराधीन गाठ

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या साठेकाकांच्या उजव्या बुटाला खिडकी आहे. घोट्याच्या जरा खाली गाठ आली आणि बूट टोचायला लागला, तेव्हा काकांनी डॉक्टर गाठायचं सोडून ब्लेड हातात घेतलं आणि बुटाला छान गोल भोक पाडलं. नोएडाच्या थंडीत त्यातून लाल मोजा डोकावतो. "हवेशीर आहे," असं ते वर सांगतात.

काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, त्यांची भाषा मात्र अजून नोकरीत आहे. जिन्यातला दिवा गेला? "नोंद घेतली आहे." गाठ कधी दाखवणार? "विषय विचाराधीन आहे." मी चिडून म्हणायचो, "काका, गाठ तुमच्या सहीसाठी थांबणार नाही!" त्यावर, "बिल्कुल. चहा घेणार?"

दसऱ्याला आम्ही नवरा-बायको त्यांना सोनं देऊन पाया पडतो. यंदा मृणाल वाकली ती वाकलेलीच राहिली. "काका, गेल्या दसऱ्याला ही बोराएवढी होती. आता चांगला आवळा झालाय!" काकांनी पाय खुर्चीखाली ओढला. मला रागही आला आणि भीतीही वाटली. दुसऱ्या दिवशी मृणालला काकूंपाशी बसवलं आणि काकांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं.

फोटो झाले, तुकडा तपासायला गेला. निकालाच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "अंकल, कॅन्सर नहीं है. लेकिन निकालनी पडेगी. महिनाभर पैर जमीन पर नहीं." माझा जीव भांड्यात पडला. काकांचा चेहरा मात्र पार उतरला.

गाडीत बसल्यावर ते हळूच म्हणाले, "महिनाभर तुझ्या काकूला फिरवणार कोण?"

काकू हल्ली बरंच विसरतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

"संध्याकाळ झाली की ती पिशवी भरते. सांगलीला जायचं असतं, माहेरी. नाही म्हटलं की रडते रे. मग मी म्हणतो, चलो. पार्कला दोन चकरा मारतो, दाराशी आणतो आणि सांगतो, आलं बघ तुझं घर. की लगेच खूश! एक दिवस चुकवून चालत नाही."

म्हणजे हा माणूस तसल्या पायाने रोज बायकोला सांगलीला पोचवत होता. मला समोरचा रस्ता धड दिसेना.

ऑपरेशन झालं. आता संध्याकाळी मृणाल काकूंना पार्कात नेते. काल मी काकांजवळ बसलो होतो. त्यांचा प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर होता. बेल वाजली, मी दार उघडलं. काकू पिशवी घेऊन आत आल्या.

"या, या!" काका खुर्चीतूनच म्हणाले. "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पाहुण्यासारखं अवघडून हसल्या. "त्रास नाही हो. पण हे आले नाहीत बरोबर."

काकांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"येतील," ते म्हणाले. "पाय बरा झाला की लगेच येतील."